रानडुकरासाठी आधी गोळी ठरवा, रायफल नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रानडुकराच्या शिकारीसाठी कोणती रायफल घ्यावी, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लेखात काडतुसांचा तक्ता होता, प्रत्येक काडतुसापुढे ज्यूलमध्ये ऊर्जा दिली होती आणि निष्कर्ष असा होता की आकडा जेवढा मोठा तेवढे काडतूस चांगले. तक्त्यातल्या आकड्यांबद्दल तक्रार नाही. निष्कर्ष मात्र पटण्यासारखा नाही. हा तक्ता डोळ्यापुढे ठेवून कोणी खरेदीला निघाला तर खांदा दुखेल, पैसे जातील आणि जनावर जखमी होऊन जाळीत शिरेल. ज्या प्रदेशात रानडुकराच्या शिकारीला कायद्याने मुभा आहे आणि ज्याच्याकडे रीतसर परवाना आहे, त्याच्या उपयोगी पडावे म्हणून हे पत्र.

सुरुवात जनावराच्या शरीरापासून करावी लागते. हरणाच्या शिकारीची सवय असलेले लोक इथेच फसतात. हरणाला मारतात तशी पुढच्या पायाच्या मागे चार बोटे गोळी मारली, तर रानडुकराच्या फुप्फुसाची मागची कड जेमतेम सापडते, पुष्कळदा तीही नाही. गोळी यकृतात किंवा कोठ्यात जाते. रानडुकराचे हृदय आणि फुप्फुसे पुढे आणि खाली, दोन्ही फऱ्यांच्या (खांद्यांच्या) मधोमध असतात. जनावर आडवे उभे असेल तर पुढच्या पायाच्या मध्यावरून सरळ वर रेघ धरावी आणि छातीच्या खालच्या कडेपासून उंचीच्या एक तृतीयांशावर नेम ठेवावा. दुसरा चकवा पाठीचा. खांद्यावर मणक्यांचे काटे लांब असतात, त्यावर चरबी आणि उभे राहणारे राठ केस. त्यामुळे डोळ्याला दिसणारी पाठ आणि खरा कणा यांच्यात बरेच अंतर पडते. ‘पाठीच्या जरा खाली’ म्हणून मारलेली गोळी कण्याच्या वरून मांसातून आरपार जाते. जनावर जागीच कोसळते, शिकारी रायफल खाली करतो आणि थोड्याच वेळात ते उठून पळते. असे पडलेले डुक्कर दिसले की नेम सोडू नये, दुसरे काडतूस लगेच भरावे.

पूर्ण वाढलेल्या नराच्या फऱ्यावर कातडीखाली चिवट, कुर्च्यासारख्या ऊतीची ढाल असते. नर एकमेकांना सुळ्यांनी फाडतात, त्यापासून बचाव म्हणून ती वयाबरोबर जाड होते, काही सेंटिमीटरपर्यंतही. या ढालीवरून गोळ्या घसरून जातात अशा गप्पा पुष्कळ ऐकू येतात. योग्य बांधणीची रायफलची गोळी तिच्यातून आरामात जाते. अडकते ती हलकी, ठिसूळ गोळी, जी पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच फुटून जाते. शिवाय ढाल आणि चरबी मिळून जखमेचे तोंड बुजवतात आणि राठ केस उरलेसुरले रक्त शोषून घेतात. हृदयात गोळी बसलेले डुक्करही पहिले वीस-तीस पावले रक्ताचा थेंब न सांडता जाऊ शकते. म्हणून या जनावराच्या बाबतीत गोळी पलीकडून बाहेर पडायला हवी. बाहेर पडल्याची जखम मोठी असते आणि माग तिथूनच मिळतो.

आता गोळी. काडतूस म्हणजे पितळी खोके, टोपी (ठोका बसताच दारू पेटवणारी), दारू आणि पुढची गोळी, हे सर्व मिळून. दुकानात लोक ‘तीनशे आठची एक पेटी’, म्हणजे .३०८ काडतुसांची, एवढेच मागतात आणि पेटीवरची दुसरी, गोळीचा प्रकार सांगणारी ओळ वाचतच नाहीत. सगळी मख्खी त्या दुसऱ्या ओळीत आहे.

पूर्ण आवरणाची म्हणजे फुल मेटल जॅकेट गोळी सरावासाठी स्वस्त आणि ठीक. शिकारीला ती घेऊ नये. ती उमलत नाही, म्हणजे लागल्यावर पसरून रुंद होत नाही, बारीक भोक पाडून निघून जाते आणि जनावर तासन्‌तास तडफडते. अनेक ठिकाणी शिकारीत तिला बंदीच आहे. दुसऱ्या टोकाला कोल्ह्या-सशांसाठी बनवलेल्या पातळ आवरणाच्या गोळ्या. ढालीवर त्या फुटतात, वर हातभर जखम दिसते आणि आत फुप्फुस शाबूत राहते. निशाणेबाजीच्या स्पर्धेत वापरतात त्या मॅच गोळ्यांच्या टोकाला भोक असते म्हणून पुष्कळ जण त्यांना शिकारी समजतात. ते भोक गोळी बनवताना राहते, उमलण्यासाठी ठेवलेले नसते. अशी गोळी कधी फुटते, कधी सुईसारखी आरपार जाते. तिच्या भरवशावर राहू नये.

उरतात तीन प्रकार. साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे शिशाचे टोक उघडे ठेवलेली, मध्यम वेगाला आणि मध्यम आकाराच्या जनावराला उत्तम. बाँडेड गोळीत शिसे आणि आवरण एकमेकांना पक्के जोडलेले असते, त्यामुळे हाडावर आदळूनही दोन्ही सुटे होत नाहीत. तिसरी पूर्ण तांब्याची. नोस्लर कंपनीची पार्टिशन ही १९४८ पासूनची गोळी या प्रकारांच्या अधलीमधली म्हणावी. आत तांब्याची आडभिंत असल्याने पुढचा भाग उमलतो आणि मागचा भाग तसाच पुढे घुसतो. पूर्ण तांब्याच्या गोळ्या बार्न्स कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणल्या आणि आता बहुतेक कंपन्या बनवतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे, तेव्हा तिथे हाच पर्याय. आमचे मत विचाराल तर रानडुकरासाठी बाँडेड किंवा तांब्याची गोळी घ्यावी आणि बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, मध्यम ठेवावा. थोरल्या बोअरची ठिसूळ गोळी मध्यम बोअरच्या चिवट गोळीपुढे नेहमी उणी पडते.

मात्र तांब्याच्या गोळीची एक अट असते आणि ती विक्रेते क्वचितच सांगतात. तिला उमलायला वेग लागतो. कंपनीपरत्वे आकडा बदलतो, पण सेकंदाला सुमारे ६०० मीटरच्या खाली अनेक तांब्याच्या गोळ्या नीट उघडत नाहीत. .३०८ विंचेस्टरची १५० ग्रेनची, म्हणजे ९.७ ग्रॅमची गोळी नळीतून साधारण ८६० मीटर वेगाने निघते, त्यामुळे शिकारीच्या नेहमीच्या पल्ल्यात काही अडचण येत नाही. .३०-३० मधून तेवढ्याच वजनाची गोळी सुमारे ७३० मीटरने निघते आणि शंभर मीटरवर ६१० च्या आसपास येते. म्हणून .३०-३० च्या गोळ्या मुद्दाम मऊ बनवतात. घरी काडतुसे भरणारे लोक दोन्हींचा व्यास एकच म्हणून .३०८ ची कडक गोळी कमी वेगाच्या काडतुसात घालतात आणि मग ‘आरपार गेली पण पडले नाही’ म्हणून कुरकुरतात. तांबे शिशापेक्षा हलके, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळीला नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, जास्त पिळाचे हवेत. .२२३ च्या जुन्या रायफलीत दर १२ इंचांना एक फेरा असा पिळ असतो. त्यातून ६२ ग्रेनची तांब्याची गोळी स्थिर राहत नाही. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसले की समजावे, गोळी आडवी होऊन पोचते आहे. अशा वेळी गोळीचे वजन उतरवावे.

काडतुसांकडे वळू. .३०८ विंचेस्टर १९५२ चे, .३०-०६ स्प्रिंगफील्ड १९०६ चे. रानडुकराला दोन्ही पुरून उरतात. १५० ते १६५ ग्रेनची गोळी घ्यावी, मोठ्या नरांचाच इलाका असेल तर १८०. ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ धक्क्याला सौम्य आहेत आणि १२० ते १४० ग्रेनच्या चांगल्या गोळीने काम चोख करतात. ज्यांना .३०८ चा धक्का सोसत नाही त्यांनी लाज न बाळगता हे घ्यावे. धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटणे हे नेम चुकण्याचे सगळ्यात मोठे कारण आहे आणि ते कुठल्याही तक्त्यात येत नाही. .२४३ विंचेस्टर १०० ग्रेनच्या बाँडेड गोळीसह चालते, पण नेम फऱ्यावर अचूक हवा. ९.३×६२ हे १९०५ चे जर्मन काडतूस हाक्याच्या शिकारीत आजही मानाचे. १८.५ ग्रॅमची गोळी, सुमारे ७२० मीटर वेग. जाळीतून धावत निघालेल्या मोठ्या नरासाठी त्याच्यासारखे दुसरे नाही, फक्त रायफल साडेतीन किलोच्या खाली नको. .४५-७० जवळच्या पल्ल्यात जबरदस्त. मात्र ‘जड गोळी झुडपातून वाट काढते’ ही समजूत खोटी आहे. फांदीला लागली की प्रत्येक गोळी वळते, कोणती किती वळेल याचा नेम नसतो. मोकळी वाट दिसेपर्यंत थांबणे हाच उपाय.

लेखात .२२३ ला सरसकट नापास केले आहे आणि त्याच दमात .३०० ब्लॅकआउटला पास. हे उलटे झाले. .२२३ ची ५५ ग्रेनची साधी गोळी (३.६ ग्रॅम, सुमारे ९९० मीटर, १,७५० ज्यूल) मोठ्या नराच्या फऱ्यासाठी अपुरी, हे मान्य. पण ६० ते ६४ ग्रेनची बाँडेड गोळी लहान-मध्यम जनावराला, शंभर मीटरच्या आत, स्थिर उभे असताना चालते. जिथे कायदा परवानगी देतो तिथेच, अर्थात. जर्मनीत रानडुकरासाठी किमान ६.५ मिलिमीटर बोअर आणि १०० मीटरवर किमान २,००० ज्यूल बंधनकारक आहे, म्हणजे .२२३ बाद आणि .२४३ सुद्धा. .३०० ब्लॅकआउटच्या वेगवान काडतुसाची ऊर्जा जवळजवळ .२२३ एवढीच. त्याच्या ध्वनीपेक्षा मंद काडतुसात २२० ग्रेनची गोळी सुमारे ३१० मीटरने निघते आणि नळीच्या तोंडाशीच ७०० ज्यूलच्या आत असते. पिस्तुलाच्या दर्जाची ही ऊर्जा. आवाज कमी येतो म्हणून हौशी लोक भुलतात. शिवाय गोळी झपाट्याने खाली येते: ५० मीटरला झिरो केलेली (म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवलेली) रायफल १०० मीटरवर सुमारे २० सेंटिमीटर खाली मारते. अंतराचा अंदाज वीस मीटरने चुकला तरी गोळी पायात किंवा मातीत.

त्याहून गंभीर गोष्ट लेखात आलेलीच नाही. .३०० ब्लॅकआउटचे खोके .२२३ चे खोके कापून बेतलेले आहे. बूड तेच, मॅगझिन (काडतुसे भरायची पेटी) तेच, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) तोच. त्यामुळे ७.८ मिलिमीटरच्या गोळीचे हे काडतूस ५.७ मिलिमीटरच्या नळीत चुकून सरकवले जाते. काही आखूड गोळ्या बोल्टच्या जोराने खोक्यात मागे दबतात, बोल्ट बंद होतो आणि चाप ओढल्यावर रायफल हातात फुटते. दोन्ही बोअर घरात असतील तर दोन रंगांची मॅगझिने ठेवावीत, दोन वेगळ्या पिशव्या ठेवाव्यात आणि एका शिकारीला एकच रायफल न्यावी. बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक मॅगझिन रिकामे करून प्रत्येक काडतुसाच्या बुडावरचा शिक्का वाचावा. अंधारात, थंडीत, घाईत हे करायला जाल तर ते होणार नाही. याच जातीची दुसरी चूक: ५.५६ नाटो काडतूस .२२३ चा शिक्का असलेल्या नळीत घालणे. बाहेरून दोन्ही एकसारखी, पण .२२३ च्या घरात, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेत, ५.५६ चा दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. उलट चालते.

रायफलीच्या घडणीवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. बोल्ट रायफल साधी, भरवशाची, साफ करायला सोपी. लिव्हर रायफल जवळच्या जाळीत सुटसुटीत. तिचे मॅगझिन नळीखाली नळकांड्यासारखे असेल तर टोकदार गोळी कधीही भरू नये. एका काडतुसाचे टोक पुढच्याच्या टोपीवर टेकते आणि धक्क्याने आतच बार होऊ शकतो. चपट्या टोकाच्या किंवा त्यासाठीच बनवलेल्या मऊ टोकाच्या गोळ्या वापराव्यात. कळपावर एकामागून एक बार टाकण्यासाठी सेमी-ऑटो (प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारी) सोयीची, जिथे ती कायदेशीर आहे तिथे. पण तिच्यामुळे पहिला नेम ढिला होतो, हे तिच्या चाहत्यांनीही कबूल करावे. नळी ४६ ते ५१ सेंटिमीटर पुरते. .३०८ मध्ये दर इंचाला सेकंदामागे सहा-आठ मीटर वेग कमी होतो, तेवढ्याने काही बिघडत नाही. दुर्बीण १–६ किंवा २–७ पटीची घ्यावी. मचाणावरून, नेहमी शंभर मीटरवर मारणार असाल तर ३–९×४० चालेल. पण पंधरा मीटरवरून डुक्कर अंगावर आले तर ९ पटीत काळ्या केसांपलीकडे काही दिसत नाही, म्हणून चालताना दुर्बीण कायम सर्वांत कमी पटीवर ठेवावी.

दुर्बिणीच्या उंचीचा हिशेब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नेमाची रेघ नळीच्या वरून जाते, गोळी खालून निघते. साध्या बोल्ट रायफलीत हे अंतर साडेचार सेंटिमीटर धरले आणि १०० मीटरला झिरो केले, तर .३०८ ची गोळी २५ मीटरवर सुमारे २ सेंटिमीटर खाली आणि २०० मीटरवर साधारण १० सेंटिमीटर खाली लागते. फऱ्यावर मारताना २ सेंटिमीटरची पर्वा नको. पण ज्या सेमी-ऑटो रायफलीत दुर्बीण साडेसहा सेंटिमीटर वर बसते, तिच्यात .२२३ ची गोळी २५ मीटरवर जवळपास ४ आणि दहा मीटरवर ५ सेंटिमीटरहून जास्त खाली लागते. कानामागे मेंदूवर धरलेला नेम जबड्यात उतरतो तो असा. जबडा फुटलेले डुक्कर पळून जाते आणि उपाशी मरते. म्हणून डोक्यावरचा नेम ज्याला आपल्या रायफलीची ही जवळची चूक आकड्यानिशी पाठ आहे त्यानेच धरावा, तोही जनावर निश्चल असताना. समोरून कपाळावर तर नकोच: कवटी उतरती, मेंदू लहान.

काडतुसे निवडताना तीन वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक पेटी आणावी आणि शंभर मीटरवर टेकू लावून प्रत्येकीच्या पाच-पाच गोळ्या एकाच खुणेवर मारून भोकांची पुंजी काढावी. नळी मधे मधे थंड होऊ द्यावी. पाचही भोके चार सेंटिमीटरमध्ये आली तर पुरे झाले. मोठ्या डुकराचे हृदय-फुप्फुसांचे क्षेत्र १५ ते २० सेंटिमीटरचे असते. भोके आणखी जवळ आणण्याच्या नादात पेट्या संपवू नयेत. जी गोळी रायफलीला मानवली, तिच्या एकाच लॉटच्या (कारखान्यात एका खेपेत बनलेल्या) पेट्या एकदम घ्याव्यात. लॉट क्रमांक पेटीवर छापलेला असतो आणि लॉट बदलला की झिरो पुन्हा तपासावा लागतो. शिशाची गोळी सोडून तांब्याची घेतली तर झिरो नव्याने करावाच लागतो. शिकारीला जाण्यापूर्वी नळीतले तेल कोरड्या चिंधीने पूर्ण पुसून काढावे. तेलकट, थंड नळीतून पहिली गोळी पुंजीबाहेर जाते आणि शिकारीत मोलाची असते ती पहिलीच.

छऱ्याच्या बंदुकीबद्दल दोनच शब्द. बारा बोअरमधली एकसंध स्लग गोळी ५० मीटरच्या आत उत्तम काम देते. सॅबो स्लग (प्लास्टिकच्या वेष्टनात बसवलेली) घ्यायची असेल तर नळीत आटे हवेत. मोठे छरे मात्र जखमी जनावरे मागे सोडण्याचेच साधन ठरतात.

रात्री थर्मल, म्हणजे अंगाची ऊब टिपणाऱ्या, दुर्बिणीतून मारण्याचे वेड वाढते आहे. जिथे मुभा आहे तिथेही तिच्यात दोन गोष्टी दिसत नाहीत: गोळीच्या वाटेतली थंड काडी आणि जनावरामागची जमीन. आरपार जाणारी गोळी आपणच निवडली आहे, तेव्हा मागे मातीचा उतार किंवा बांध असल्याची खात्री दिवसाउजेडी करून ठेवावी. कळपात जनावर एकटे, आडवे आणि मागे पिल्लू नसलेले मिळेपर्यंत चापावर बोट जाऊ नये.

गोळी लागल्यावर डुक्कर दृष्टीआड झाले तर अर्धा तास थांबावे. माग काढताना फिकट, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, गडद म्हणजे यकृत, हिरवट घाण म्हणजे कोठा. शेवटच्या प्रकारात निदान चार तास थांबावे आणि माग काढणारा कुत्रा असेल तर बोलवावा. पडलेल्या जनावराकडे पाठीच्या बाजूने जावे आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करावा. पापणी हलली तर आणखी एक गोळी. मिटलेले डोळे ही धोक्याची खूण, मेलेल्याचे डोळे बहुधा उघडे असतात.

सोलताना रबरी हातमोजे घालावेत. रानडुकरात ब्रुसेला जिवाणू असतो आणि हाताच्या ओरखड्यातून शिरतो. शिशाची गोळी वापरली असेल तर जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकावे, कारण शिशाची बारीक कणी दिसते त्याहून बरीच लांब पसरते. ट्रिकिनेला कृमीमुळे मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजायला हवे. रानटी जनावरांत आढळणाऱ्या या कृमीच्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत, तेव्हा फ्रीजरवर विसंबू नये.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक